विटीदांडू नावाचं गवत: हरियाणाच्या गव्हाची गोष्ट

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज एका गवताचा इतिहास सांगणार आहे. हसू नका. या गवतामुळे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी उभा गहू हिरवा असतानाच कापला आणि गुरांपुढे टाकला.

विचार करा. पेरणी झाली, खत दिलं, पाणी दिलं, फवारणीही झाली. आणि ओंब्या भरायच्या आधीच कळलं, की यातून धान्य काही निघणार नाही. निदान चारा तरी होईल म्हणून विळा लावला. ज्या पट्ट्याने हरित क्रांतीत देशाचं पोट भरलं, त्याच पट्ट्यातली ही गोष्ट. कर्नाल, कुरुक्षेत्र, कैथल ही नावं तुम्ही बातम्यांत ऐकली असतील. तिथलीच.

या गवताचं शास्त्रीय नाव फॅलॅरिस मायनर. तिकडचे लोक त्याला मंडूसी म्हणतात, किंवा गुल्ली-डंडा. म्हणजे आपला विटीदांडू! त्याचं छोटं, मधे फुगीर कणीस पाहिलं की विटीच आठवते. पण लहानपणी हे गवत हुबेहूब गव्हासारखं दिसतं. तीच पाती, तोच रंग. ओळखायचं तर रोप उपटून बुंध्याकडे बघावं लागतं. मंडूसीचा बुंधा लालसर-गुलाबी असतो.

आता आपल्याकडची निंदणी डोळ्यासमोर आणा. सकाळी बायकांची रांग शेतात बसते, हातात खुरपं असतं, आणि तण कुठलं, पीक कुठलं हे नजरेला लगेच कळतं. मंडूसीच्या बाबतीत ही नजरच फसते. बरं, काही शेतांत या गवताची रोपं चौरस मीटरला दोन-तीन हजार इतकी दाट. दोन पावलांच्या जागेत दोन-तीन हजार! तिथे खुरपं काय करणार?

हे गवत आलं कुठून? याचं एक लोकप्रिय उत्तर आहे, आणि ते तुम्हाला ओळखीचं वाटेल. आपल्याकडे गाजर गवताबद्दल काय सांगतात? पन्नासच्या दशकात पुण्यात दिसलं, अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हातून आलं. मंडूसीबद्दलही तसंच सांगतात, की साठच्या दशकात मेक्सिकन गहू आला आणि त्याच्या पोत्यांतून हेही आलं. गहू आला हे खरंच आहे. १९६६ साली भारताने लर्मा रोजो आणि सोनोरा या बुटक्या जातींचं १८ हजार टन बियाणं आणलं. पण 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' या जुन्या ग्रंथात, १८९६ सालच्या खंडात, फॅलॅरिस मायनरची नोंद आहे. म्हणजे मेक्सिकन गव्हाच्या सत्तर वर्षं आधीपासून ते इथे होतंच. पोत्यांतून आणखी थोडं आलंही असेल. पण सत्तर वर्षं गुपचूप राहिलेलं गवत अचानक का माजलं, याचं उत्तर पोत्यांत सापडत नाही.

ते शेतात सापडतं. जुना गहू उंच होता, तणावर सावली धरायचा. नवा गहू बुटका, त्यामुळे खाली ऊन पोचायला लागलं. खत वाढलं, ट्यूबवेलचं पाणी वाढलं, आणि तणही त्याच ताटात जेवायला बसलं. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे भात. हरियाणा-पंजाबात खरिपात भात आणि रब्बीत गहू, दरवर्षी हेच चक्र सुरू झालं. हमीभाव होता, खरेदी पक्की होती, मग दुसरं कशाला पेरायचं? भाताच्या चिखलात मंडूसीचं बी टिकून राहायचं आणि थंडी पडली, गव्हाला पाणी मिळालं की उगवायचं. शिवाय गहू कापायच्या आधीच ते आपलं बरंचसं बी जमिनीवर सांडून मोकळं. पुढच्या वर्षीची सोय झाली!

मग आलं औषध. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक शेतकऱ्यांच्या हातात आलं. ते काय करतं? पान उन्हातून अन्न बनवतं ना, तीच क्रिया बंद पाडतं. गवत उपाशी मरतं. गहू मात्र वाचतो, कारण गव्हाच्या पेशी या औषधाचे तुकडे करून ते निकामी करतात. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने एक फवारणी, आणि शेत स्वच्छ. स्वस्त होतं, सोपं होतं, मजुरी वाचायची. दहा-पंधरा वर्षं लाखो हेक्टरवर दरवर्षी तेच एक औषध पडत राहिलं.

आता इथे जरा थांबू या, कारण एक गैरसमज दूर करायचा आहे. आपण म्हणतो, 'तणाला औषधाची सवय झाली.' सवय वगैरे काही होत नाही. एका रोपावर कितीही वेळा फवारा, ते शिकून शहाणं होत नाही. औषध म्हणजे चाळणी. कोट्यवधी रोपांत दोन-चार अशी असतात, जी जन्मतःच वेगळी आहेत. पहिल्या वर्षी चाळणीतून ती दोन-चार निसटतात, आणि बाकी सगळं मेल्यामुळे ऊन, पाणी, खत, जागा, सगळं त्यांनाच मिळतं. त्यांचं बी पडतं. पुढच्या वर्षी तीच चाळणी, मग त्याच्या पुढच्या वर्षीही तीच. आपण निवडून निवडून तेच बियाणं वाढवत राहतो. शेतकरी चांगलं बियाणं जसं निवडतो तसंच, फक्त उलट्या दिशेने.

आणि मंडूसीच्या त्या दोन-चार रोपांची युक्ती काय होती? संशोधनात दिसलं, की ती औषधाचे तुकडे करून ते निकामी करत होती. म्हणजे जे गहू करतो तेच! दिसायला गव्हासारखं असलेलं हे गवत आतूनही गव्हासारखं वागायला लागलं होतं. मला या सगळ्या गोष्टीत हा भाग सगळ्यात थरारक वाटतो.

असं होणार हे कुणाला माहीत नव्हतं का? माहीत होतं. १९५६ साली, म्हणजे तणनाशकांचं युग नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा, ब्रिटिश वनस्पतीशास्त्रज्ञ जॉन हार्पर यांनी लिहून ठेवलं होतं, की किडी जशा कीटकनाशकांना पुरून उरतात तशी तणंही तणनाशकांना पुरून उरू शकतील. पण शेत स्वच्छ दिसत असताना असले इशारे कोण ऐकतो?

हरियाणात पहिली शंका आली ती दुकानावर. औषध मारलं, गवत मेलं नाही, म्हणजे औषध भेसळीचं! हा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. फवारणीच्या पद्धतीतही घोळ होते. कुणी शिफारशीपेक्षा कमी मात्रा वापरायचं, तर कुणी पंप न वापरता औषध वाळूत नाहीतर युरियात मिसळून हाताने फेकायचं. त्यामुळे खरा दोष कुणाचा हे कळेना. मग हिसारच्या चौधरी चरणसिंह हरियाणा कृषी विद्यापीठातल्या आर. के. मलिक आणि समुंदर सिंह यांनी वेगवेगळ्या शेतांतून या गवताचं बी गोळा करून ते तपासलं. चांगलं औषध, पूर्ण मात्रा, तरीही काही शेतांतलं गवत मरेना. १९९२-९३च्या हंगामात हे स्पष्ट झालं आणि १९९५ साली 'वीड टेक्नॉलॉजी' या नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. तोवर प्रश्न हाताबाहेर चालला होता. नव्वदीच्या मध्यापर्यंत वायव्य भारतात आठ ते दहा लाख हेक्टर गहू या गवताच्या विळख्यात असल्याचा अंदाज होता.

त्या पाहणीतली एक गोष्ट लक्षात ठेवा. जिथे वर्षानुवर्षं फक्त भात-गहू, भात-गहू चालू होतं तिथे हे गवत सगळ्यात कोडगं निघालं. जिथे मधे ऊस, भाजीपाला किंवा कापूस यायचा, तिथे प्रश्न बराच कमी होता. औषध तेच, गवत तेच, फरक होता फेरपालटाचा.

आता पुढचा अंक. नवी औषधं आलीच. १९९७-९८च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फिनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन अशी तीन-चार नवी नावं शेतकऱ्यांना मिळाली आणि गहू वाचला. पण मला जास्त रस आहे त्याच काळात शेतात आलेल्या एका यंत्रात. झिरो टिल ड्रिल, म्हणजे न नांगरता पेरणी करणारं यंत्र.

आपल्याकडे काय किंवा हरियाणात काय, नांगरट ही शेतकऱ्याच्या इभ्रतीची गोष्ट. भातानंतर गव्हासाठी रान तयार करायला सात-सात, आठ-आठ पाळ्या घालायचे. त्यात दिवस जायचे, डिझेल जायचं, पेरणी लांबायची. आणि हंगाम उलटल्यावर गव्हाची पेरणी एक दिवस लांबली तर उत्पादन साधारण एक टक्क्याने घटतं. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात न्यूझीलंडच्या फाळाच्या धर्तीवर एक पेरणी यंत्र तयार झालं होतं. भाताच्या धसकटातच ते बारीक चीर पाडतं आणि बी-खत सोडतं. मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे यंत्र शेतकऱ्यांच्या रानात नेलं.

गवताला याचा फटका दोन बाजूंनी बसला. एक तर माती उलटलीच नाही, त्यामुळे खोल गाडलेलं बी वर आलं नाही. दुसरं म्हणजे पेरणी लवकर झाली. मंडूसीला उगवायला थंडी लागते. जमिनीत थोडी ऊब असतानाच गहू पेरला तर गहू आधी उगवतो आणि जागा धरून बसतो. गवताची पाळी येईपर्यंत पंगत भरलेली! विचार करा, पेरणीची तारीख आठवडा-दहा दिवस अलीकडे आणणं हेसुद्धा तण आवरायचं हत्यार होऊ शकतं. आणि ते कुठल्याच बाटलीत मिळत नाही. खर्चही वाचत होता, म्हणून शेतकऱ्यांनी ते उचललं. पुढे भाताचा पेंढा न जाळता त्यातूनच पेरणारा हॅपी सीडर आला. पेंढ्याच्या आच्छादनाखाली गवत आणखी कमी उगवतं.

मग गोष्ट इथे सुखाने संपली का? नाही. बऱ्याच शेतांत नव्या औषधांचंही तेच झालं. एक बाटली चालतेय तोवर तीच. २००८ साली कर्नालच्या गहू संशोधन संचालनालयातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की काही शेतांतलं मंडूसी आता आयसोप्रोट्युरॉन, क्लोडिनाफॉप आणि सल्फोसल्फ्युरॉन या तिन्हींना दाद देत नाही. पहिल्या औषधाला पंधरा वर्षं मिळाली होती. नव्यांना जेमतेम दहा.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या शेतांत रायगवताने हेच केलं, आणि तेही आपल्या आधी, ऐंशीच्या दशकापासून. तिथे रे हॅरिंग्टन नावाच्या एका शेतकऱ्याने वेगळा विचार केला. गवत मरत नाही ना? मग त्याचं बी तरी मारू. कापणीच्या यंत्रातून भुशाबरोबर तणाचं बी पुन्हा शेतातच फेकलं जातं. त्याने ते बी भरडून टाकणारं यंत्र बनवलं. रायगवत आपलं बरंच बी कापणीपर्यंत ओंबीतच धरून ठेवतं, म्हणून तिथे हा उपाय चालतो. मंडूसी आधीच बी सांडतं, म्हणून आपल्याला तो जसाच्या तसा उचलता येत नाही. प्रत्येक गवताचा स्वभाव ओळखूनच डाव टाकावा लागतो.

तुम्ही म्हणाल, गहू त्यांचा, गवत त्यांचं, आपल्याला काय त्याचं? तुमच्यापैकी कुणाच्या घरी शेती असेल तर एक काम करा. घरच्या सोयाबीनमध्ये गेली पाच वर्षं कुठलं तणनाशक मारलं, ते विचारा. निंदणीला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, हे सगळं खरंच आहे. औषध मारणाऱ्याला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण पाचही वर्षं एकच नाव आलं, तर हरियाणाची गोष्ट घरात नक्की सांगा. नुसतं कंपनीचं नाव बदलून उपयोग नाही, आतलं औषध आणि त्याचा गट बदलायला हवा. त्यासोबत पिकाची फेरपालट हवी. आणि फवारणीतून वाचलेलं जे थोडं तण उभं दिसतं, ते बी धरायच्या आत हाताने उपटायला हवं. त्या दोन-चार रोपांतच सगळी गोष्ट असते.

शेवटी एवढंच. औषध लागू पडणं ही विहिरीच्या पाण्यासारखी गोष्ट आहे. आज उपसा कमी-जास्त केला तर लगेच काही दिसत नाही, पण एकदा तळ लागला की तो सगळ्या शिवाराला लागतो. कारण तणाचं बी बांध पाहत नाही. ते बियाण्यातून, मळणीच्या यंत्रातून, पाटाच्या पाण्यातून शेजाऱ्याच्या रानात जातं. हरियाणात ज्यांनी हिरवा गहू कापला, त्यांच्यापैकी काहींनी औषध अगदी नीट मारलं असेल. तरी विळा त्यांनाही लावावा लागला.

तुमच्या भागात असं कुठलं तण आहे का, जे आता औषधाला जुमानत नाही? त्याचं तिकडचं नाव आणि त्याचा स्वभाव मला लिहून कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, राम राम!