वाहन-अपघातांतील हानीची नोंद

वाहन-अपघातांतील हानीची नोंद : अपघातग्रस्त वाहनाची मोडतोड, रस्त्यावरील खुणा आणि वाहनांची अंतिम स्थिती यांची मोजमापे, आकृत्या व छायाचित्रे यांच्या साहाय्याने केलेली पद्धतशीर नोंद. अपघाताचे कारण शोधणे व न्यायालयात पुरावा सादर करणे, हे तिचे दोन मुख्य हेतू होत. रस्त्यावरील खुणा लवकरच पुसल्या जातात आणि वाहन दुरुस्त होते किंवा मोडीत निघते. त्यामुळे पुढे मूळ वस्तूऐवजी तिची नोंदच उपलब्ध राहते.

मोटारगाडीच्या प्रारंभीच्या काळात निर्णय मुख्यतः प्रत्यक्षदर्शींच्या कथनावर अवलंबून असे. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही महिला मोटारगाडीच्या धडकेने मरण पावली. चौकशीत चालकाने वेग ताशी सु. ६ किमी. सांगितला, तर एका साक्षीदाराने तो भरधाव घोड्याइतका असल्याचे सांगितले. अखेर मृत्यू अपघाती ठरविण्यात आला. कथनांतील अशी तफावत मोजमापांनी पडताळून पाहण्याची साधने पुढे क्रमाक्रमाने विकसित झाली.

फ्रेंच पोलीस अधिकारी आल्फाँस बेर्तियाँ (१८५३–१९१४) यांनी गुन्ह्याच्या जागेची छायाचित्रे अंतरे मोजता येतील अशा रीतीने घेण्याची पद्धत रूढ केली. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या पोलिसांनी १९३० नंतरच्या दशकात जोडछायाचित्रांवरून अपघातस्थळाचे नकाशे काढण्यास प्रारंभ केला. त्यामुळे वाहतूक फार काळ न अडविता मोजमापे नंतर कार्यालयात काढणे शक्य झाले.

हानीच्या वर्णनात एकवाक्यता यावी म्हणून अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९७० नंतरच्या दशकात सात स्थानांचा संकेत प्रमाणित केला. त्यातील पहिले दोन अंक घड्याळातील तासांप्रमाणे आघाताची दिशा दर्शवितात. समोरून आलेल्या आघातासाठी १२ हा अंक योजतात. उरलेली चिन्हे हानीची जागा, प्रकार व खोली सांगतात. १९७४ मध्ये के. एल. कॅम्बेल यांनी पत्रा किती आत दबला आहे यावरून आघातात खर्ची पडलेल्या ऊर्जेचा अंदाज करण्याची रीत मांडली. त्यानंतर दबलेल्या भागाच्या रुंदीवर समान अंतराने सहा ठिकाणी खोली मोजण्याची प्रथा पडली. मात्र या ऊर्जेवरून मिळणारा वेग म्हणजे वाहनाचा धावण्याचा वेग नव्हे. तो ठरविण्यासाठी घसरणीच्या खुणा, वाहनांची वजने इ. गोष्टीही विचारात घ्याव्या लागतात. हा भेद न केल्यास चालकावर अन्याय होऊ शकतो.

आघातापूर्वीच्या काही सेकंदांतील वेग व गतिरोधकाचा वापर टिपणाऱ्या विद्युत् उपकरणांसंबंधी अमेरिकेने २००६ मध्ये नियम केले. यूरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांत असे उपकरण आवश्यक आहे.

भारतात घटनास्थळाचा पंचनामा व मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी-अहवाल हे या नोंदीचे पारंपरिक आधार होत. अपघातग्रस्त वाहनाच्या तपासणीची तरतूद मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये आहे. २०२१ पासून अपघातांची माहिती संगणकीय प्रणालीत भरण्यास सुरुवात झाली. नुकसानभरपाईच्या दाव्यांत या नोंदींना विशेष महत्त्व असते. जिवंत राहिलेला चालक आपली बाजू मांडू शकतो. मृताच्या बाजूने बोलणारा कोणी नसल्यास वेळीच व काळजीपूर्वक केलेली मोजमापेच त्याच्या कुटुंबियांचा आधार ठरतात.