वाताशीत बीटल : रस्त्यासाठी आणि शर्यतीसाठीही

फोक्सवॅगन 'बीटल' या मोटारीचे उत्पादन १९३८ मध्ये जर्मनीत सुरू झाले आणि ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे थांबले. या काळात २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. सामान्य माणसासाठी बनवलेल्या या संथ गाडीला अमेरिकेच्या दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी १९६० च्या दशकात शर्यतीच्या मैदानात उतरवले. सोमवार ते शुक्रवार कामावर नेणारी आणि रविवारी 'ड्रॅग रेस'मध्ये धावणारी बीटल बांधण्याची परंपरा तेथूनच सुरू झाली. दोन मोटारींनी स्थिर अवस्थेतून निघून पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे अंतर सरळ रेषेत कापणे, हे या शर्यतीचे स्वरूप.

परंपरेचा उगम

रिव्हरसाइड येथील जो व्हिटोन यांच्या 'एम्पी' कंपनीने बीटलसाठी वेगवर्धक सुटे भाग विकण्यास सुरुवात केली. त्यांची जाहिरात म्हणून उतरवलेली 'इंच पिंचर' ही बीटल शर्यतींत गाजली. जीन बर्ग यांच्यासारख्या तंत्रज्ञांनी पुढे दणकट सुटे भाग घडवण्याचा स्वतंत्र व्यवसायच उभा केला. अर्व्हाइन येथील ऑरेंज कौंटी इंटरनॅशनल रेसवे या धावपट्टीवर १९६८ मध्ये 'बग-इन' हे फोक्सवॅगनधारकांचे संमेलन सुरू झाले. ही धावपट्टी १९८३ मध्ये बंद झाली. पुढचा भाग खाली झुकलेला, क्रोमच्या पट्ट्या काढलेल्या आणि शर्यतीच्या धाटणीची चाके बसवलेली, असे या गाड्यांचे रूप. १९७० च्या दशकाच्या मध्यास ते 'कॅल-लूक' या नावाने ओळखले जाऊ लागले.

इंजिनाची वाढ

बीटलचे इंजिन मागील बाजूस असते. त्याचे चार सिलिंडर दोन-दोनच्या जोड्यांनी समोरासमोर आडवे बसवलेले असतात. १६०० सीसी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ८५.५ मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक ६९ मिलिमीटर असून प्रत्यक्ष क्षमता १५८४ सीसी भरते. व्यास ९४ आणि स्ट्रोक ८२ मिलिमीटर केल्यास ती २२७६ सीसी होते. मूळचे सुमारे ५० अश्वशक्तीचे इंजिन अशा बदलांनंतर दीडशेहून अधिक अश्वशक्ती देऊ शकते.

केवळ आकार वाढवून मात्र भागत नाही. मूळच्या क्रँकशाफ्टला प्रतिभार नसतात. उच्च फेऱ्यांत तो लवू लागतो, म्हणून प्रतिभार असलेला शाफ्ट बसवावा लागतो. एका सॉलेक्स कार्ब्युरेटरऐवजी वेबरच्या दोन कार्ब्युरेटरांची जोडी, मोठ्या व्हॉल्व्हची सिलिंडर हेड आणि अनुरूप कॅमशाफ्ट हे बदल एकमेकांशी जुळवूनच करावे लागतात.

खरी मर्यादा उष्णतेची

या इंजिनात रेडिएटर नाही आणि पाणीही नाही. बजाज चेतकसारख्या स्कूटरमध्ये इंजिनाला पंख्याचा वारा दिला जात असे. तत्त्व तेच, फक्त येथे पंखा पट्ट्यावर फिरतो. अश्वशक्ती तिपटीने वाढली तरी हवा खेळवण्याची व्यवस्था मूळचीच राहते. पाव मैलाच्या शर्यतीत इंजिनावर पूर्ण ताण जेमतेम १२-१५ सेकंद असतो. रहदारीत किंवा महामार्गावर हाच ताण अर्धा तास टिकतो आणि केवळ धावपट्टीचा विचार करून बांधलेले इंजिन तेथे निकामी होते.

त्यामुळे पत्र्याच्या साध्या आवरणांनाही महत्त्व येते. इंजिनाखालील तप्त हवा पुन्हा पंख्याकडे जाऊ नये, यासाठी ही आवरणे आणि त्यांच्या कडेची रबरी पट्टी असते. देखणेपणासाठी ती काढून टाकणे ही नवख्यांची नेहमीची चूक. उष्णता वाहून नेण्यात तेलाचाही मोठा वाटा असतो. मूळ इंजिनात ते जेमतेम अडीच लिटर मावते आणि गाळण म्हणून केवळ तारेची जाळी असते. म्हणून खोल तेलटाकी, स्वतंत्र फिल्टर आणि जादा ऑइल कूलर बसवला जातो. मॅग्नेशियम मिश्रधातूचा क्रँककेस उष्णतेने सैलावून बोल्टचे आटे उपटले जातात. तेथे पोलादी आटे घालून घ्यावे लागतात.

संपीडन गुणोत्तराबाबतही हाच विवेक लागतो. ते वाढवल्यास शक्ती वाढते. पण पंपावरील साध्या पेट्रोलवर इंजिन 'नॉकिंग' करू लागते आणि पिस्टनला भोक पडू शकते. रस्त्यावरील इंजिनासाठी हे गुणोत्तर माफक ठेवून क्षमता वाढवणे अधिक सुरक्षित ठरते.

शक्ती चाकांपर्यंत

इंजिनाचा भार मागील चाकांवर असल्याने सुटताना टायरची पकड उत्तम मिळते. पण तोच धक्का गिअरबॉक्सला सोसावा लागतो. फ्लायव्हील क्रँकशाफ्टवर एकाच मोठ्या नटाने आणि चार खुंट्यांनी धरलेले असते. शर्यतीसाठी या खुंट्या आठ केल्या जातात. इंजिन केवळ गिअरबॉक्सच्या आधारे मागे लोंबते. म्हणून त्याला मागून जादा आधार द्यावा लागतो, अन्यथा रबरी बैठका फाटतात.

सुरक्षा आणि नियम

सार्वजनिक रस्त्यांवरील जीवघेण्या शर्यती बंद व्हाव्यात आणि त्या मैदानात याव्यात, या हेतूने अमेरिकेत १९५१ मध्ये 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन'ची स्थापना झाली. तिच्या नियमांनुसार पाव मैलासाठी १३.९९ सेकंद वा त्याहून कमी वेळ घेणाऱ्या चालकास हेल्मेट आणि ११.४९ सेकंद वा त्याहून कमी वेळ घेणाऱ्या गाडीस पोलादी रोल बार सक्तीचा आहे. मूळच्या बीटलला हे अंतर कापण्यास सुमारे २० सेकंद लागत. ज्या ब्रेकवर ती थांबत असे, ते दुप्पट-तिप्पट शक्तीच्या गाडीला अपुरे पडतात. म्हणून पुढे डिस्क ब्रेक बसवणे श्रेयस्कर. इंजिनाजवळची जुनी पेट्रोलनळी बदलणे हे तर पहिले काम. तिच्या गळतीतून लागलेली आग मॅग्नेशियमपर्यंत पोहोचल्यास विझवणे अतिशय कठीण असते.

म्हणूनच जाणकार बांधणीकार अश्वशक्तीचा आकडा ठरवण्याआधी गाडी रोज किती किलोमीटर चालणार, हे विचारतो. केवळ शर्यतीच्या गाडीला ट्रेलरवरून नेता येते; रस्त्यावरच्या बीटलला मात्र धावपट्टीवरून स्वतःच्या चाकांवर घरी परतायचे असते.