वेड आणि घोर यांच्यामधली रेघ

यवतमाळच्या खेड्यात कुणी एकटंच बोलू लागलं, ‘माझ्या जेवणात विष घालतात’ म्हणू लागलं, की ‘बाहेरचं झालं’ म्हणून आधी देवऋषी होतो, मग नागपूरचं मनोरुग्णालय. दुसरा एक जण महिनाभर नीट झोपलेला नसतो, भाकरी अर्धी टाकून उठतो, ऐन डवरणीत पऱ्हाटीच्या धुऱ्यावर नुसता बसून राहतो. त्याला सगळे एवढंच सांगतात, ‘टेन्शन घेऊ नको.’

या दोघांमधली रेघ वैद्यकाने आखली, आणि ती सुरुवातीला भलतीकडेच होती. स्कॉटलंडचे विल्यम कलन यांनी १७६९ मध्ये ‘न्यूरोसिस’ हा गट केला, त्यात फेफरं आणि अर्धांगवायूही होते. व्हिएन्नाचे फॉइश्टर्सलेबेन यांनी १८४५ च्या ग्रंथात ‘सायकोसिस’ हा शब्द रूढ केला, तो न्यूरोसिसचाच एक पोटभाग म्हणून. पुढे मज्जातंतूंचे आजार वेगळे निघाले आणि न्यूरोसिसकडे चिंता, भीती, मंत्रचळ उरले. घोराचा न्यूरोसिस आणि वेडाचा सायकोसिस हे गट समोरासमोर आले ते तेव्हा. कसोटी ठरली वास्तवाची. हात दहादा धुणाऱ्याला आपलं वागणं अवाजवी आहे हे बहुधा कळत असतं. विहिरीतून आवाज ऐकणाऱ्याला तो आवाज खराच असतो.

पण रेघ पक्की नाही. कर्ज आहे म्हणून झोप उडणं वेगळं. कर्ज फिटल्याची पावती हातात असूनही ‘आज रात्री जप्ती येणार’ अशी खात्री बाळगणं वेगळं. तीव्र नैराश्य असं पलीकडे जाऊ शकतं. अमेरिकेच्या १९८० च्या मनोविकारांच्या वर्गीकरणाने तर न्यूरोसिस हा गटच बाजूला सारला.

मला खटकतं ते हे की रेघेच्या अलीकडचा आजार ‘हलका’ समजला गेला. दिसणाऱ्या वेडासाठी नागपूरला १८६४ पासून इमारत आहे. घोर लागलेल्या माणसाच्या दारात सरकार पोचायला मात्र २०१५ उजाडलं. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या, यवतमाळसह १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आला आणि नैराश्याची लक्षणं हेरण्याचं काम आशाताईंकडे आलं. झोप, भूक, कामात मन लागणं, मरणाचे विचार, हे सगळं स्पष्ट विचारावं लागतं. मरणाबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस बोलता होतो. गोळ्यांनी सावकाराचं देणं फिटत नाही, ते वेगळंच सोडवायला हवं. तरी उपचाराने झोप परत येते, आणि तालुक्याला जाऊन अर्ज भरण्याचं बळही. ‘टेलिमानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक दोन्ही आजारांसाठी आहे.