हक्काचे खेळणे आणि विकतचे खेळणे

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहानगा मुलगा रोहसेन हट्टाने रडत असतो. शेजारच्या सधन गृहस्थाच्या मुलाची सोन्याची गाडी घेऊन तो खेळत होता. ती त्या मुलाने परत नेली, आणि समजूत घालण्यासाठी रदनिका दासीने करून दिलेली मातीची गाडी त्याला नकोशी झाली. वसंतसेना आपल्या अंगावरचे अलंकार उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते, यातून सोन्याची गाडी करून घे म्हणते, आणि पुढे हेच अलंकार न्यायसभेत चारुदत्ताच्या विरुद्ध पुरावा ठरून त्याला वध्यस्थानापर्यंत नेतात. गोविंद बल्लाळ देवल यांनी हे नाटक संगीताचा साज चढवून मराठी रंगभूमीवर आणल्यापासून मराठी प्रेक्षकालाही ही मातीची गाडी परिचयाची आहे. त्या गाडीत स्वतःचा असा कोणताच दोष नव्हता, तिचे चाक निखळले नव्हते की ती फुटलीही नव्हती. शेजारच्या अंगणात दुसरी गाडी दिसली, एवढ्यानेच ती मुलाच्या मनातून उतरली. महाराष्ट्रातील खेळण्यांच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहू लागलो की हा प्रवेश मला वारंवार आठवतो. कारण शेजारच्या अंगणातली ती गाडी गावोगावच्या जत्रेत पथारीवर येऊन बसली, तेव्हापासूनच आपल्याकडील बालकांच्या एका विशिष्ट दुःखाचा, म्हणजे हौसेने विकत घेतलेल्या वस्तूने दुसऱ्याच दिवशी केलेल्या निराशेचा, इतिहास सुरू होतो.

त्याआधी खेळणी नव्हती असे नाही. परंतु ती बहुधा विकत घेतली जात नसत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या बलुतेदारीचे सविस्तर वर्णन आहे, त्या व्यवस्थेत सुताराने कुणब्याचा नांगर, कुळव, पाभर नीट ठेवावी आणि कुंभाराने मडकी पुरवावी, आणि त्याबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावरून आपले बलुते न्यावे, अशी वहिवाट होती. या मोठ्या कामांच्या कडेकडेने, वासल्याखाली उरलेल्या तुकड्यातून आणि चाकावर उरलेल्या गोळ्यातून, मुलांची खेळणी निर्माण होत. चालू लागलेल्या पोराचा पांगुळगाडा, मुलीची लाकडी ठकी, भोवरा, विटीदांडू हे सुताराकडून येई; बेंदराला किंवा पोळ्याला पूजेसाठी मातीची बैलजोडी कुंभार घरोघर देई आणि सूपभर धान्य घेऊन जाई. पूजा झाली की तीच बैलजोडी मुलांच्या हाती पडे. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भरणारा तान्हा पोळा हा तर लाकडी बैलांचाच उत्सव आहे. त्याच्या आरंभाचे श्रेय परंपरा दुसऱ्या रघूजी भोसल्यांना देते, आणि चाकांवर बसवलेले ते नंदी एकेका घरात आजोबांपासून नातवापर्यंत चालत आलेले आढळतात.

या खेळण्यांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या टिकाऊपणात होते असे मला वाटत नाही. कारण मातीचा बैल कितीही निगुतीने खेळला तरी आठ दिवसांत त्याचे शिंग मोडतेच. वैशिष्ट्य होते ते उत्तरदायित्वात. भोवऱ्याची आर निघाली तर मूल रडत आईकडे जाई, आई त्याला सुताराच्या कामठ्याकडे पिटाळी, आणि ज्या हाताने तो भोवरा घडवला त्याच हाताला तो पुन्हा दुरुस्त करावा लागे. करणारा, देणारा आणि दुरुस्त करणारा हे तिघे एकच होते, आणि तो एकजण चार घरे पलीकडे राहत होता. ज्या वस्तूला किंमत नव्हती तिच्याविषयी फसवणुकीची तक्रारही संभवत नव्हती. खेळणे मोडले असे म्हणत, पण खेळण्याने फसवले असे म्हणण्याची वेळ सहसा येत नसे.

मात्र या जुन्या व्यवस्थेकडे पाहताना डोळ्यांवर कृतज्ञतेची पट्टी बांधून चालणार नाही. ज्याच्या घरी जमीन होती, ज्याचे खळे होते, त्याच्या मुलाचा सुतार-कुंभारावर हक्क चाले; ज्याला बलुते द्यायला खळेच नव्हते, किंवा ज्याची सावलीही गावाने दूर ठेवली होती, त्याच्या मुलाच्या वाट्याला हा हक्क कधीच आला नाही. तो मुलगा चिखलाचा बैल स्वतःच वळी आणि ज्वारीच्या ताटांची गाडी स्वतःच जोडी. अशा मुलाला पहिल्यांदा जर कोणी खेळणे दिले असेल, तर ते जत्रेने. पथारीपुढे पैसा हा एकच अधिकार होता, आणि मुठीत एक पैसा असला की पाटलाचे पोर आणि पाटलाच्या गड्याचे पोर एकाच पिपाणीसाठी शेजारी उभे राहू शकत होते. बाजाराने पुढे मुलांची जी निराशा केली तिचा हिशेब मांडताना ही जमेची बाजू खर्ची टाकणे अन्यायाचे होईल.

जत्रेतील खेळण्यांचे विक्रेते हे बहुधा फिरस्ते. मराठी राज्यात गावच्या स्थायिक कारागिराकडून आणि दुकानदाराकडून मोहतर्फा नावाचा कर घेतला जाई, कारण तो जागेवर सापडत असे. फिरस्ता बाजारबैठकीचे पैसे भरी आणि तिसऱ्या दिवशी पाल उचलून पुढच्या देवाच्या यात्रेस निघून जाई. ज्या दिवशी खेळणे मोडे त्या दिवशी तो दहा कोसांवर असे. त्याचा मालही या फिरस्तेपणास साजेसाच असे, वजनाला हलका, रंगाने भडक आणि क्षणभरात डोळ्यांत भरणारा: कागदाची भिरभिरी, बेगडाचे मुकुट, दोरीने ओढली की दोन काड्या कागदी पडद्यावर आपटून वाजत जाणारी मातीच्या वाटीची गाडी, मातीच्याच वाटीवर कातडे किंवा कागद ताणून केलेली छोटी सारंगी. आषाढी यात्रेत या कागदी पडद्यांना पंढरपूरच्या पावसाळी हवेची बाधा होई. दमट हवेने कागद सैल पडे, आणि वाळवंटात खणखणीत वाजलेली गाडी घरच्या ओसरीवर मुकी होई. 1906 साली कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लोहवाट पंढरपुरास पोहोचली, आणि वारकऱ्यांच्या गर्दीबरोबर मुंबईचा पेटारेबंद मालही या यात्रेच्या अधिक जवळ आला.

मुंबईचा हा माल कुठला होता? 1869 साली सुवेझचा कालवा खुला झाल्यावर युरोपातील मालाची वाट पुष्कळच आखूड झाली, आणि पहिल्या महायुद्धापूर्वी खेळण्यांच्या जागतिक व्यापारावर जर्मनीचे, विशेषतः न्यूरेंबर्ग शहराचे, प्रभुत्व होते. कथलाचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यावर रंगीत छपाई करायची, साच्याने तुकडे कापायचे, एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घालून दुमडायची, आणि पोटात पोलादी स्प्रिंग व दातेरी चाके बसवायची, अशी चावीच्या मोटारीची आणि चावीच्या आगगाडीची रचना असे. या रचनेतच तिचे मरण लिहिलेले होते. दुमडलेली पत्र्याची जीभ दोनदा उघडमीट केली की तुटते; आणि चावी किती फिरवायची याचा अंदाज मोठ्या माणसाच्या बोटांना येतो, मुलाच्या उत्सुकतेला येत नाही. एक पीळ अधिक बसला की आतून बारीकसा आवाज येई आणि स्प्रिंग सुटे. गावचा सुतार तिच्यापुढे हतबल, लोहार हतबल. घड्याळजी असलाच तर तालुक्याच्या गावी, आणि त्याची मजुरी खेळण्याच्या किमतीहून अधिक. मोडलेली वस्तू दुरुस्त करून देणारे कोणीच नाही, हा अनुभव आपल्या मुलांना या मालाने प्रथमच दिला.

1914 साली युद्ध सुरू झाले, जर्मन जहाजे बंद झाली, आणि ती रिकामी जागा जपानने भरून काढली. जपानी बाहुली ही पुढील दोन पिढ्यांच्या मराठी मुलींची सर्वांत मोठी अभिलाषा आणि बहुधा सर्वांत मोठी निराशा ठरली. ती सेल्युलॉइडची असे. या पदार्थाला कापूर लागतो, आणि कापराच्या झाडांनी समृद्ध असलेले फोर्मोसा बेट 1895 पासून जपानच्या अमलाखाली होते. 1899 मध्ये तेथील सरकारने कापराचा मक्ता आपल्या हाती घेतला, आणि जपानी सेल्युलॉइड उद्योगाला कच्चा माल हाताशी मिळाला. दोन साच्यांच्या मध्ये तापवून फुगवलेली ती बाहुली आतून पोकळ, अंड्याच्या टरफलासारखी पातळ असे. ती नाकाजवळ नेली तर देवघरातल्या आरतीचा पुसट वास येई. मुलीने मायेने तिचा गालगुच्चा घेतला की गालाला खळी पडे, आणि ती खळी पुन्हा कधी वर येत नसे. चुलीजवळ गेली तर ती कापरासारखीच भडकून पेटे, म्हणून जाणती माणसे ती मुलांच्या हाती देण्याऐवजी काचेच्या कपाटात ठेवीत. विकत आणलेले खेळणे केवळ पाहण्यासाठी असावे, हा विचार रोहसेनालाही सुचला नसता. ‘जपानी माल’ हा शब्दप्रयोग मराठीत तकलादू वस्तूसाठी रूढ झाला, त्यात या बाहुलीचा वाटा थोडा नव्हता. पुढे त्याच देशाची यंत्रे चोखपणासाठी जगभर वाखाणली गेली, तरी तो शब्दप्रयोग कित्येक वर्षे जिभेवरून उतरला नाही.

परंतु मालाच्या कच्चेपणावर सगळा दोष टाकून मोकळे होता येत नाही, हे मला एका पत्र्याच्या बोटीने शिकवले. ज्या बोटीत तेलाची वात पेटवली की ती फटफट आवाज करीत पाण्यावर फिरते, ती बोट लहानपणी वडिलांनी मला जत्रेत घेऊन दिली होती. तिचे मूळ पेटंट थॉमस पियो याने 1891 साली इंग्लंडमध्ये घेतले, आणि तिच्याइतके सोपे बाष्पयंत्र जगात दुसरे नसेल. पोटात पत्र्याची एक चपटी डबी असते आणि तिच्यातून निघालेल्या दोन नळ्या बोटीच्या मागच्या अंगाला पाण्याखाली उघडतात. डबीतल्या पाण्याची वाफ होऊन ती नळीतले पाणी मागे ढकलते, बोट पुढे सरकते. वाफ निवली की पाणी पुन्हा आत खेचले जाते, पण जाताना ते धारेने जाते आणि येताना सर्व बाजूंनी गोळा होऊन येते, म्हणून बोट मागे ओढली जात नाही. विक्रेत्याच्या परातीत ती अखंड फिरत होती. घरच्या घंगाळात ती जागची हलली नाही. मी वात मोठी केली, पुन्हा तेल घातले, आणि शेवटी डबीचा डाक वितळून नळी गळून पडली. पुष्कळ वर्षांनी कळले की वात पेटवण्यापूर्वी डबी आणि नळ्या पाण्याने भराव्या लागतात. विक्रेता तोंडात पाण्याची गुळणी धरून ती नळीत फुंकीत असे, आणि त्याच्या भोवती जमलेल्या आम्हा मुलांना ते फुंकणे दिसत असूनही त्याचा अर्थ उमगला नव्हता. बोट चांगली होती. तिच्याबरोबर जी विद्या द्यायला हवी होती ती दिली गेली नव्हती.

हेच त्या मातीच्या सारंगीचे. विकणारा चालता चालता तिच्यावर कोणतेही गाणे लीलया वाजवतो. मूल ती घरी आणते आणि तिच्यातून करकरीखेरीज काही निघत नाही. मुलाने जे ऐकले होते ते विक्रेत्याचे वर्षानुवर्षांचे हस्तकौशल्य होते. पैसे मोजून मिळाली ती वाटी, काडी आणि तार. गावचा सुतार भोवरा देताना जाळी कशी गुंडाळायची आणि हिसका कधी द्यायचा हे दाखवीत असे, आणि आज जमले नाही तर उद्या पुन्हा दाखवायला तो तिथेच असे. बलुतेदारी मोडताना वस्तू आणि विद्या यांची जी फारकत झाली, तिची पहिली झळ मुलांना लागली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

विकत घेणे म्हणजे निराश होणेच, असा सिद्धांत मात्र मला मांडायचा नाही. सावंतवाडीच्या चितार आळीत आजही पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची फळे, भाज्या आणि खेळणी रंगवली जातात. ती विकतचीच आहेत, परंतु विकणारा आणि घडवणारा एकाच आळीत बसतो, आणि आपले नाव त्या आळीशी बांधलेले आहे हे तो जाणतो. खेळण्याला दाम असला तरी ज्याच्याकडे परत जाता येईल असा माणूस त्याच्यामागे असला, की सौद्यातही हक्काचा अंश उरतो.

सेल्युलॉइड गेले, पत्राही मागे पडला, प्लॅस्टिक आले, आणि बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांनी चावीचीही गरज उरू दिली नाही. निनावी आयात मालाविषयी तक्रारी वाढल्यावर केंद्र सरकारने खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला, आणि 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून वगळले आहे. एकेकाळी चार घरे पलीकडच्या सुतारावर असलेली जबाबदारी सरकारने काही अंशी स्वतःकडे घेतली, हे स्वागतार्हच आहे. पण हा नियम खेळण्याची धार, त्याचा रंग आणि त्याचे पेटणे तपासतो. ते उद्या सकाळी मुलाच्या हातात चालेल की नाही, हे कोणताही आदेश पाहू शकत नाही. ते पाहण्याचे काम पालकाचे आहे. म्हणून जत्रेत किंवा दुकानात मूल एखाद्या खेळण्यासाठी हट्ट धरील तेव्हा त्याला ओढून नेऊ नये आणि घाईने पैसेही मोजू नयेत. विक्रेत्याला विनंती करावी की हे खेळणे एकदा या मुलाच्या हातात द्या आणि ते कसे चालते हे त्याला शिकवा. ते मुलाच्या हातून चालले, की मग पैसे द्यावेत.