सभागृहातील प्रतिनिधी आणि बाहेरची माणसे



ज्या गोदाकाठी आपण दर वसंतात व्याख्याने ऐकतो, तेथून काळाराम मंदिर जवळच आहे. 2 मार्च 1930 रोजी त्याच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. त्या समितीचे चिटणीस भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजेच आपले दादासाहेब. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी 1902 साली जन्मलेल्या या माणसाने वर्षानुवर्षे तो लढा चालविला. पण त्या लढ्याने दार उघडले नाही.

पुढे 1937 ची निवडणूक आली. मताचा हक्क तेव्हा मालमत्ता वा शिक्षण असणाऱ्यांपुरताच होता. तरीही डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे दादासाहेब मुंबई विधानसभेत गेले. पुष्कळांची चळवळ येथेच संपते.

आमची शाळा लवकर सुटली. कायदा शिकलो तो रात्री, कलमांखाली पेन्सिलीने रेघा ओढीत. म्हणून 1938 चे औद्योगिक कलह विधेयक आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटते. संपापूर्वी समेटाची लांबण सक्तीची, ती टाळून संप केला तर तुरुंग, असा त्याचा मतलब. मजूर पक्षाने सभागृहात कडवा विरोध केला. मते अपुरी होती, हे उघडच होते. तेव्हा पक्षाने 7 नोव्हेंबरला कम्युनिस्टांच्या जोडीने संप घडवून आणला. कायदा तरीही झाला.

मग मिळविले काय? आमच्या सभासदांची समजूत अशी, की माणूस निवडून दिला म्हणजे आपले काम संपले. दादासाहेबांची कारकीर्द नेमके उलट सांगते. 1957 साली ते नाशिकमधून लोकसभेवर गेले, 1962 पासून सहा वर्षे राज्यसभेत होते. त्याच काळात, 6 डिसेंबर 1964 रोजी, भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. पडीक जमीन राबणाऱ्याला द्या, ही त्यातली एक मुख्य मागणी. खासदार दिल्लीत बसला आणि लोक तुरुंगात गेले, असे झाले नाही. दोन्ही कामे एकाच माणसाची होती.

29 डिसेंबर 1971 रोजी दादासाहेब गेले. 2020 साली संसदेने औद्योगिक संबंध संहिता संमत केली. तीतही संपाआधी नोटीस सक्तीची आहे. सातपूर-अंबडच्या कामगारांनी ती स्वतः वाचावी, आणि आपल्या आमदाराला तिच्याविषयी विचारण्यासाठी चौघांनी मिळून जावे. एकट्या प्रतिनिधीचे बळ किती असते, ते 1938 ने दाखविलेच आहे.