'बॅचलर' आणि 'फॅमिली' : आखाती घरखर्चाचा एक इतिहास

एखाद्या शब्दाचा कोशातील अर्थ आणि व्यवहारातील अर्थ वेगळे पडले, की त्या अंतरामागे बहुधा काही सामाजिक इतिहास दडलेला असतो. आखाती देशांतील भारतीयांच्या बोलण्यातला 'बॅचलर' हा शब्द असाच आहे. ज्याचे कुटुंब त्याच्याजवळ राहत नाही, तो तेथे बॅचलर. गावी बायको आणि तीन मुले असलेला पंचेचाळिशीतला गृहस्थही या व्याख्येत बसतो. भाड्याच्या जाहिरातींतही 'फक्त फॅमिलीसाठी' आणि 'बॅचलरसाठी बेडस्पेस' असे दोन वर्ग असतात. आखातातील महागाईविषयी आपण बोलतो ते भाडे, सोने आणि चलनाचा भाव यांपुरते. वस्तुतः तेथील घरखर्चाचा प्रश्न त्याआधीच सुरू होतो : कुटुंब जवळ ठेवण्याची मुभा कोणाला, आणि काय किमतीला?

या इतिहासाचे पहिले पान रुपयाचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुवेतपासून ओमानपर्यंतच्या किनाऱ्यावर भारतीय रुपया चालत असे. आखातातून भारतात सोन्याची चोरटी आयात होई, त्याचे मोल रुपयांत चुकवले जाई आणि ते रुपये परत येऊन भारताच्या परकीय गंगाजळीला गळती लावत. ही गळती थांबवण्यासाठी १९५९ साली केवळ भारताबाहेर चालणाऱ्या, निराळ्या रंगाच्या 'आखाती रुपया'च्या नोटा काढण्यात आल्या. १९६१ साली कुवेतने आणि १९६५ साली बहरीनने स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला आणि उरलेल्या बहुतेक संस्थानांनीही रुपया सोडला. ओमानने तो १९७० पर्यंत वापरला. संयुक्त अरब अमिरातीचा दिऱ्हॅम १९७३ साली आला.

चलन बदलले तसा घरखर्चाचा स्वभावही बदलला. मिळकत एका चलनात आणि भविष्य दुसऱ्या चलनात, अशी विभागणी झाली. दुकानात टोमॅटो घेतानाही मनात गुणाकार चालू राहतो, ही आखाती संसाराची सर्वपरिचित सवय या विभागणीतून आली. १९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या, बांधकामे वाढली आणि मजुरांपासून अभियंत्यांपर्यंत भारतीयांचा ओघ सुरू झाला. त्यांतल्या कोणी कुटुंब आणावे, हे मात्र पगार ठरवू लागला. अमिरातीत कुटुंबाच्या व्हिसासाठी दरमहा ४,००० दिऱ्हॅम, किंवा ३,००० दिऱ्हॅम आणि राहण्याची सोय, अशी अट दीर्घकाळ राहिली. २०१९ पर्यंत पगाराबरोबर हुद्दाही पाहिला जाई. कुवेतमध्ये ही मर्यादा २०१६ साली २५० दिनारांवरून ४५० वर गेली आणि वाढत वाढत २०२४ साली ८०० दिनारांवर पोहोचली.

ही रेषा ओलांडून आलेल्या कुटुंबाचा खर्च कसा चालतो, हे दुबईच्या उदाहरणावरून पाहता येईल. तेथे भाडे वर्षाचे ठरते आणि पुढील तारखांच्या एक, दोन किंवा चार धनादेशांनी आगाऊ बांधले जाते. धनादेश न वटणे हा २०२२ च्या कायदेबदलापर्यंत सरसकट फौजदारी गुन्हा होता. म्हणजे नोकरी गेलेल्या माणसाच्या डोक्यावर घरभाड्यापायी तुरुंगाची टांगती तलवार असे. वीज-पाण्याच्या बिलात वार्षिक भाड्याच्या ५ टक्के एवढी नगरपालिकेची आकारणी हप्त्याहप्त्याने येते. मुलांच्या शाळेची फी निराळी. दुबईत इंडियन हायस्कूल १९६१ साली सुरू झाले आणि पुढे भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा वाढल्या, तरी त्या फीवर चालणाऱ्या शाळा होत.

२००७-०८ हा काळ या कुटुंबांना दोन्ही बाजूंनी दाबणारा ठरला. दिऱ्हॅम डॉलरशी जखडलेला. डॉलर घसरून ४० रुपयांच्या आत आला, तेव्हा एका दिऱ्हॅमचे अकरा रुपयेही येईनात. त्याच वेळी स्थानिक महागाई दहा टक्क्यांच्या पुढे गेली होती. भाडेवाढीवर सरकारने २००५ च्या अखेरीस १५ टक्क्यांची आणि नंतर २००७ साली ७ व २००८ साली ५ टक्क्यांची मर्यादा घातली. भाडे परवडावे म्हणून अनेक कुटुंबे एकेका बंगल्यात खोल्या वाटून राहत. २००८ साली 'एक बंगला, एक कुटुंब' ही मोहीम निघाली आणि तोही आडोसा गेला. अशा वेळी निर्णय बहुधा एकच होई : बायको-मुलांना गावी पाठवायचे. 'फॅमिली' असलेला माणूस पुन्हा 'बॅचलर' होई.

सौदी अरेबियाने तर ही किंमत उघडपणे लिहूनच ठेवली. जुलै २०१७ पासून परकीय नोकरदाराच्या प्रत्येक अवलंबितामागे दरमहा १०० रियाल शुल्क सुरू झाले आणि दरवर्षी शंभराने वाढत २०२० साली ते ४०० वर गेले. पत्नी आणि तीन मुले धरली, तर वर्षाला १९,२०० रियाल केवळ एकत्र राहण्याचे. त्याच वर्षी मूल्यवर्धित कर ५ टक्क्यांवरून १५ टक्के झाला. अनेक भारतीय कुटुंबे या काळात परतली.

मराठी वाचकाला हे चित्र अगदी अनोळखी वाटू नये. गिरणगावातला चाकरमानी असाच कुटुंब गावी ठेवून, खोलीत दहाजणांत पथारी टाकून आणि खानावळीत जेवून मनीऑर्डर पाठवत राहिला. रत्नागिरी-रायगडातील कोकणी मुसलमान कुटुंबांनी पुढे मुंबईची जागा आखाताला दिली. परंतु दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. चाकरमान्याला खोली मिळाली, तर बिऱ्हाड करण्यापासून त्याला कोणताही कायदा अडवत नव्हता. निवृत्तीनंतर मुंबईत राहू नकोस, असेही कोणी म्हणत नव्हते. आखातात बहुतेकांचे वास्तव्य नोकरीला बांधलेले आहे. तीस वर्षांनंतरही हातात येते ते मूळ वेतनावर मोजलेले उपदान आणि परतीचे तिकीट.

अमेरिकेतल्या मराठी माणसाचे तुटलेपण आपल्या कथा-कादंबऱ्यांनी पुष्कळ रंगवले. आखातातल्या माणसाकडे आपण मात्र पैसे कमावून येणारा म्हणून पाहत राहिलो. त्याच्या जमाखर्चाच्या वहीत एक रकाना असा आहे, की ज्यात मुलांच्या बालपणाची वर्षे खर्ची पडलेली आहेत. तो रकाना वाचण्याचे काम अर्थशास्त्राइतकेच साहित्याचेही आहे.