एकसष्टचे कोडे आणि पाटणचा बाजार

मी कला शाखेचा पदवीधर, कवितेत रमलेला. गणिताशी माझे नाते काठावर पास होण्यापुरते. तरी एका संख्येने मला धरून ठेवले आहे. ती संख्या म्हणजे १,७६,६३,१९,०४९.

तिचे मूळ एका साध्या प्रश्नात आहे. अशी संख्या शोधा की, तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला, तर पुन्हा पूर्ण वर्गच यावा. ६१ च्या जागी ६० घेतले तर ४ पुरतो. चाराचा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, एक मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ ला ८ पुरतो, ६३ ला नुसता १. पण मधल्या ६१ ला? सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८०! आणि मग जो वर्ग येतो, तो आपल्या त्या दहा अंकी संख्येचा.

हे उत्तर भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ११५० च्या सुमाराच्या ग्रंथात आहे. तेव्हा त्यांचे वय ३६. अंदाजाने कोट्यवधी संख्या चाचपत बसायचे नाही, ही त्यांची रीत. आठाचा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ जास्त. तिथून निघून पुढच्याच फेरीत ते ३९ आणि ५ वर येतात. ३९ चा वर्ग १५२१, पाचाच्या वर्गाची एकसष्टपट १५२५. फरक फक्त चाराचा. चारावर आले की ब्रह्मगुप्तांच्या सातव्या शतकातल्या नियमाने उत्तर हाती येते. या फिरत्या रीतीचे नाव ‘चक्रवाल’.

१६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान दिले, त्यात नेमका हाच ६१ होता. भास्कराचार्यांचे उत्तर त्याच्यापर्यंत पोचले नव्हते. खरे तर ‘लीलावती’ फैजीने १५८७ मध्ये, आणि ‘बीजगणित’ अताउल्ला रुश्दीने १६३४-३५ च्या सुमारास फारसीत आणले होते. ज्ञानाला धर्म आडवा आला नाही; आडवे आले ते अंतर.

आता आपल्या खानदेशात या. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ स्थापला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत. का? कारण तिथे बाजाराचा व्यवहार आहे. पाटणच्या पेठेतल्या विक्रीवरचे राजाचे उत्पन्न मठाला लावून दिले आहे. व्यापाऱ्याला कळेल अशाच भाषेत ते लिहायला हवे होते.

मला हा मराठी भाग त्या दहा अंकी संख्येइतकाच मोठा वाटतो. माझ्या अमळनेरातही १९१६ मध्ये प्रताप शेठजींनी गिरणीच्या पैशातून तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. प्रतिभा एकाची असते, तिच्या दिव्याला तेल मात्र गाव घालते. गावाने हात आखडला, तर सुटलेले कोडेही पुढच्या पिढीला पुन्हा पहिल्यापासून सोडवावे लागते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)